नोकरी गेल्यावर भत्ता, प्रशिक्षण आणि नवं काम: सरकारी सेवा कितपत उपयोगी पडतात?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. महाराष्ट्रात प्रत्येक बेरोजगाराला दरमहा ठरावीक रक्कम देणारी सरसकट भत्ता योजना नाही. 'बेरोजगार भत्ता अर्ज' अशा नावाची पानं इंटरनेटवर भरपूर दिसतात. ती आधार क्रमांक, बँक खातं आणि मोबाइलवरचा ओटीपी मागतात. त्यांत एक अक्षरही भरू नका.

पैसे मिळण्याचा खरा मार्ग वेगळा आहे आणि ज्यांचा त्यावर हक्क आहे त्यांतल्या अनेकांना तो माहीतच नसतो. पगारातून दरमहा ईएसआय कापला जात असेल, तर तुम्ही राज्य कामगार विमा महामंडळाचे विमाधारक आहात. त्या विम्यात दवाखान्याबरोबर बेकारीच्या काळातली मदतही येते. दहा किंवा अधिक माणसं असलेली आस्थापना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार (अपंग कामगारांसाठी २५,०००) असेल, तर हा विमा लागू होतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे हा भत्ता कुणाची मेहेरबानी नाही, त्याचा हप्ता आधीच भरलेला आहे.

इथे नोकरी सुटल्यानंतर उपयोगी पडणाऱ्या सेवांचा एकत्र विचार केला आहे: ईएसआयचे दोन बेकारी भत्ते, भविष्य निर्वाह निधी, महास्वयं आणि राष्ट्रीय करिअर सेवा ही नोंदणीची ठिकाणं, आणि प्रशिक्षणाचे चार-पाच पर्याय. त्यांतली प्रत्येक सेवा स्वतंत्रपणे पाहिली तर बऱ्यापैकी चालते. अडचण अशी की त्या एकमेकींशी बोलत नाहीत. ईएसआयच्या शाखेला तुमच्या पीएफच्या नोंदी दिसत नाहीत, रोजगार केंद्राला तुमचा ईएसआय दावा माहीत नसतो, आणि प्रशिक्षण केंद्राला यांपैकी कशाशीच देणंघेणं नसतं. सगळीकडे एकच तारीख, एकच नाव आणि नोकरी सुटल्याचं एकच कारण नोंदलं गेलंय का, हे पाहायचं काम कामगाराच्याच अंगावर येतं. म्हणून या आढाव्याची सुरुवात सरकारी कार्यालयापासून न करता कंपनीतल्या शेवटच्या दिवसापासून करणं भाग आहे.

शेवटच्या दिवशीचे कागद

कामावरून कमी करताना बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं, 'राजीनामा लिहून द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देतो.' हा सौदा फार महागात पडतो. राजीनामा दिला की कायद्याच्या भाषेत ती कामगार कपात राहत नाही. मग कपातीची नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार नाही, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई नाही आणि पुढे सांगितलेली दीर्घ मुदतीची भत्ता योजनाही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी एक हक्क आला आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या शेवटच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. नवं काम शिकताना हाताशी काही असावं, हा त्यामागचा हेतू आहे. राजीनाम्यावर सही केली की हा हक्कही गेला.

तेव्हा तारीख आणि कारण लिहिलेलं सेवासमाप्तीचं पत्र मागा. ते देत नसतील तर त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर साध्या भाषेत लिहून ठेवा: 'अमुक तारखेपासून मला कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं आहे, कृपया लेखी पत्र द्यावं.' पुढे वाद झाला तर त्या तारखेचा हा ईमेल हाताशी असतो. त्याशिवाय शेवटच्या काही महिन्यांच्या पगारपावत्या, हिशेबाची पावती, ईएसआयचा विमा क्रमांक आणि पीएफचा यूएएन (खातेदाराचा कायमचा क्रमांक) हे सगळं ऑफिसचा ईमेल आणि संगणक बंद होण्याआधी स्वतःकडे घ्या. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या पगारपावत्या नोकरी संपल्यावर अनेकदा उघडत नाहीत.

आता ज्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही अशी गोष्ट. कंपनी दर महिन्याला ईएसआयच्या पोर्टलवर कामगारांची यादी भरते. ज्याचे दिवस शून्य असतील त्याच्यासमोर कारणाचा एक आकडा टाकावा लागतो. २ म्हणजे नोकरी सोडली, १० म्हणजे कपात, १ म्हणजे रजेवर. पगार विभागातला माणूस घाईत सगळ्यांना २ लावून टाकतो. ठेकेदारांकडे तर याहून वाईट घडतं. काम नसलेल्या माणसाला १ लावून महिनोन्‌महिने रजेवर दाखवलं जातं, म्हणजे पुन्हा गरज लागली की बोलावता येतं. नोंदीनुसार असा कामगार नोकरीतच असतो आणि त्याचा बेकारीचा दावा तिथेच अडकतो. नोकरी सुटल्यानंतरच्या महिन्याचा भरणा झाला की विमाधारकाच्या लॉगिनमध्ये जाऊन स्वतःची नोंद तपासा. कारण चुकीचं दिसलं तर लगेच कंपनीला लेखी कळवा. दोन-तीन महिन्यांनी ती दुरुस्ती करून घेणं फारच जिकिरीचं होतं.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना

ही जुलै २०१८ पासून प्रायोगिक तत्त्वावर सुरू आहे आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते. त्यामुळे अर्जाआधी शाखेत 'सध्या कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे' हा पहिला प्रश्न विचारावा. सुरुवातीला ती अगदीच तुटपुंजी होती. सरासरी पगाराच्या २५ टक्के रक्कम मिळायची आणि तीही तीन महिने बेकार राहिल्यावर. कोविडच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, दर ५० टक्के झाला, थांबण्याचा काळ ३० दिवसांवर आला आणि दावा मालकामार्फत न पाठवता थेट शाखेत देता येऊ लागला. योजनेतला सर्वांत मोलाचा बदल हा शेवटचा. ज्या मालकाने काढलं त्याच्याच सहीसाठी खेटे घालायचे, ही अट अन्यायाची होती.

मदत जास्तीत जास्त ९० दिवसांची आणि आयुष्यात एकदाच मिळते. हिशेब असा: आधीच्या चार अंशदान कालावधींतली (हप्ता भरण्याचा एक कालावधी सहा महिन्यांचा), म्हणजे दोन वर्षांतली एकूण कमाई घ्यायची, तिला ७३० ने भागायचं आणि आलेल्या रोजच्या सरासरीचा निम्मा भाग दररोज धरायचा. महिना १८,००० रुपये पगारावर दोन वर्षं सलग काम केलं असेल तर एकूण कमाई ४,३२,००० होते, रोजची सरासरी सुमारे ५९२ आणि निम्मे २९६. नव्वद दिवसांचे साधारण २६,६०० रुपये होतात. त्याच पगारावर त्या दोन वर्षांत सोळाच महिने भरणा झाला असेल तर कमाई २,८८,००० होते. भागाकार मात्र ७३० नेच होतो, म्हणून हाती येतात जेमतेम १७,७०० रुपये. 'निम्मा पगार मिळतो' असं जे ऐकायला मिळतं, ते मध्ये खंड पडलेल्या कामगाराच्या बाबतीत खरं ठरत नाही. ठेकेदार बदलताना पडलेले ब्रेक इथे थेट पैशांत मोजले जातात.

पात्रतेत सगळ्यांत जास्त गाळण ७८ दिवसांच्या अटीवर होते. ईएसआयचं वर्ष दोन भागांत मोडतं: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. शिथिल केलेल्या नियमांनुसार बेकारीच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचा भरणा हवा आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीत तेवढाच हवा. सहा महिन्यांत ७८ म्हणजे महिन्याला सरासरी तेरा दिवस. नियमित कामगाराला हे सहज जमतं. पण पंधरा दिवस काम आणि पंधरा दिवस बसून, अशा पद्धतीने राबवलेला कंत्राटी माणूस अगदी काठावर असतो आणि दोन-चार दिवस भरायचे राहिले तरी बाहेर फेकला जातो. त्यामुळे नोकरी टिकून असतानाच भरलेले दिवस अधूनमधून पाहत राहावं.

गैरवर्तनाच्या कारवाईत काढलेल्यांना, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना, निवृत्तीचं वय झालेल्यांना आणि संप किंवा टाळेबंदीमुळे बसून असलेल्यांना ही मदत नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी काम असेल आणि एकच सुटलं असेल, तरीही नाही.

दावा विमाधारकाच्या लॉगिनमधून ऑनलाइन भरायचा असतो. बेकारीचा काळ निवडा, आधार आणि पासबुकाची स्कॅन प्रत जोडा आणि अर्ज सादर करा. प्रती ऑनलाइन जोडता आल्या नाहीत तर अर्जाची छापील प्रत सही करून कागदपत्रांसह शाखेत नेऊन द्या किंवा पोस्टाने पाठवा. पूर्वी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र लागायचं. ती अट २०२० च्या नोव्हेंबरमध्ये काढून टाकली आहे, तरी शाखेबाहेरचे एजंट त्याच्या नावाखाली पैसे घेतात. तसे पैसे देऊ नका. पुढच्या तारखांचा दावा स्वीकारला जात नाही, म्हणजे जो काळ बेकारीत गेला त्याचाच मागता येतो. दावा व्यवस्थित असेल तर पंधरा दिवसांत पैसे बँक खात्यात यायला हवेत.

दावे कुठे अडतात? बहुतेक नावात. आधारवर 'ज्ञानेश्वर', ईएसआयवर 'ज्ञानेश्वर पी.', बँकेत अजून तिसरंच काही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांचे दावे तर याच कारणाने सर्रास परत येतात. दुसरं कारण म्हणजे आधार विमा क्रमांकाला जोडलेलं नसणं, आणि तिसरं कंपनीने दिलेलं पगाराचं खातं नोकरी सुटल्यावर बंद पडणं. ही तिन्ही कामं नोकरी सुटल्यावरचा पहिला महिना, म्हणजे दावा करता येत नाही तो काळ, वापरून उरकून घ्यावीत.

एवढं सगळं मोजून पाहिलं तर ही योजना उपयोगी आहे, पण छोटी आहे. दोन वर्षं पगार कापून घेतल्यावर आयुष्यात एकदाच नव्वद दिवस, हे प्रमाण कामगाराच्या बाजूने पाहता कमीच. तरीही ज्याच्या घरात दुसरी कमाई नाही, त्याला मिळेल ते पहिलं काम न पत्करता जरा थांबून चांगलं काम शोधायला या तीन महिन्यांची ताकद पुरते.

दीर्घ मुदतीची, विसरली गेलेली योजना

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून आहे आणि तिचे फायदे कितीतरी मोठे आहेत. पहिले बारा महिने रोजच्या सरासरी पगाराच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. त्या काळात स्वतःला आणि कुटुंबाला ईएसआयचे उपचार, आणि व्यवसाय प्रशिक्षणाचा खर्चही महामंडळाकडे. अट अशी की नोकरी कारखाना किंवा आस्थापना बंद पडल्याने गेली असावी, कपातीत गेली असावी, किंवा कामाबाहेरच्या दुखापतीमुळे किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलेलं असावं. शिवाय किमान दोन वर्षांचं अंशदान हवं. दावा यूए-१ नमुन्यात करायचा.

कपात झाल्याचा लेखी पुरावा नसला तर इथे दार उघडत नाही. म्हणूनच वर राजीनाम्यावर आणि कारणाच्या आकड्यावर इतका भर दिला. एखादं युनिट बंद पडलं की शंभर-दोनशे कामगारांचे दावे एकाच वेळी तयार होतात. अशा वेळी युनियनने किंवा चार-पाच जाणत्या कामगारांनी बंद झाल्याचा पुरावा एकदाच मिळवून सगळ्यांच्या अर्जांना जोडला, तर काम फार लवकर होतं. एकेकट्याने शाखेत जाऊन हेच समजावत बसण्यात महिने जातात.

दवाखान्याबद्दल एक खुलासा, कारण यावर मोठा गैरसमज आहे. नोकरी सुटली म्हणून ईएसआय कार्ड त्या दिवशी बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या भरण्यावर पुढच्या जानेवारी ते जूनचे हक्क मिळतात आणि ऑक्टोबर ते मार्चच्या भरण्यावर जुलै ते डिसेंबरचे. आधीच्या कालावधीत दिवस पुरेसे भरले असतील तर कार्ड काही महिने चालतं. बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा मधुमेहाची चालू औषधं असलेल्या घरांनी आपला हक्क कोणत्या तारखेपर्यंत आहे हे लॉगिनमध्ये पाहून घ्यावं आणि मगच खासगी दवाखान्याचा खर्च अंगावर घ्यावा.

पीएफ

निधीतली ७५ टक्के रक्कम लवकर हाती येते, उरलेल्या २५ टक्क्यांसाठी थांबावं लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ही पूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. त्यावर टीका झाली. ज्याची सगळी बचत पीएफमध्येच आहे त्याच्या दृष्टीने ती टीका योग्य वाटते. पण उलट बाजूही आहे: बेकारीच्या दुसऱ्याच महिन्यात पूर्ण पीएफ रिकामा करणारा माणूस चाळिशीत पुन्हा शून्यावर येतो.

सदस्य पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख नसेल तर अंतिम रकमेचा दावा सरकत नाही. मालकाने ती टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी स्वतःही टाकता येते. ईएसआयमधली तारीख आणि ही तारीख जुळलीच पाहिजे. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला आणि रक्कम ५०,००० पेक्षा जास्त असेल तर १० टक्के टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा कर) कापला जातो. पॅन जोडलेलं नसेल तर कपात याहूनही जास्त होते. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर टीडीएस न कापण्याचं स्वघोषणापत्र दाव्यासोबतच द्यावं. आणि पेन्शनच्या भागाबाबत: दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असल्यास ती रक्कम काढून घेता येते, पण त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतलं तर सेवेची वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. आठ-नऊ वर्षं झालेल्यांनी थोड्या पैशांसाठी ती वर्षं घालवू नयेत.

महास्वयं आणि राष्ट्रीय करिअर सेवा

जुन्या सेवायोजन कार्यालयाचं कार्ड आता महास्वयं पोर्टलवरच्या नोंदणीत आलं आहे. आधार, मोबाइल आणि शिक्षणाचे तपशील भरले की नोंदणी क्रमांक मिळतो. ही नोंदणी करून ठेवावी, कारण राज्याच्या बऱ्याच योजनांत आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यांत तो क्रमांक विचारला जातो. त्याच्याकडून नोकरीचं पत्र घरी येईल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. मोठ्या आस्थापनांनी रिक्त जागा रोजगार केंद्राला कळवाव्यात, हे बंधन १९५९ च्या कायद्यापासून आहे. पण कळवलेल्या जागेवर केंद्रामार्फतच माणूस घ्यावा, असं बंधन त्या कायद्याने मालकावर कधीच घातलं नाही. या एका तरतुदीमुळे गेल्या साठ-पासष्ट वर्षांत केंद्रांची ताकद मर्यादित राहिली आहे.

केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ पासून आहे. तीही विनामूल्य आहे, तिचं जाळं देशभराचं आहे आणि दुसऱ्या राज्यात जायची तयारी असलेल्यांना ती महास्वयंपेक्षा जास्त उपयोगी पडते. जाहिराती वाचताना दोन गोष्टी तपासाव्यात: कंपनीचा पत्ता आणि पगाराचा आकडा. पगाराच्या जागी 'आकर्षक' असं काही असेल तर सोडून द्या. नोंदणी, मुलाखत, गणवेश, वैद्यकीय तपासणी, कशाच्याही नावाने आधी पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा. या दोन्ही सरकारी सेवांत उमेदवाराकडून एक रुपयाही घेतला जात नाही.

मेळाव्यांना जायचं तर सकाळी जावं. दुपारनंतर कंपन्यांची टेबलं रिकामी होऊ लागतात आणि उरते ती विमा विक्रीची आणि कमिशनवरची भरती. बायोडाटाच्या दहा प्रती न्या, प्रत्येकीवर सर्वांत वर चालवलेल्या मशीनचं किंवा केलेल्या कामाचं नेमकं नाव लिहा. 'अनुभवी कामगार' वाचून कुणी थांबत नाही. 'सीएनसी लेथ, फानुक कंट्रोल, सेटिंगसह' एवढं वाचलं की समोरचा मान वर करतो.

प्रशिक्षण: कुणी काय घ्यावं

ज्याच्या हातात आठ-दहा वर्षांचं काम आहे पण कागद नाही, त्याने नवा कोर्स धरण्याआधी पूर्वकौशल्याला मान्यता देणारी सोय पाहावी. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ती आरपीएल या नावाने आहे. थोडं मार्गदर्शन, मग परीक्षा आणि राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणपत्र. वेल्डर, गवंडी, वायरमन, शिवणकाम करणाऱ्या बायका या सगळ्यांसाठी सहा महिने पुन्हा बाकावर बसण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे. दुर्दैवाने केंद्रं याबद्दल आपणहून सांगत नाहीत, त्यांना पूर्ण मुदतीच्या वर्गाच्या जागा भरायच्या असतात. तुम्हीच विचारा.

नवखा असेल तर लघु मुदतीचा कोर्स. प्रवेश घेण्यापूर्वी केंद्रावर जाऊन काम शिकवण्याची खोली उघडून दाखवायला सांगा. यंत्रं किती, चालू किती, एका यंत्रामागे किती मुलं, आणि मागच्या तुकडीतली दोन नावं. 'शंभर टक्के नोकरी' लिहिलेलं असेल तर त्या नोकऱ्या कोणत्या कंपनीत आणि किती पगारावर, हे विचारा. प्रमाणपत्रावर कामाच्या भूमिकेचं नाव आणि कौशल्य चौकटीतला स्तर छापलेला असतो. तो नसलेला कागद कंपनीत कामाचा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याच्या ३४ ग्रामीण जिल्ह्यांत ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली, त्यामुळे तालुक्याबाहेर न जाता काही पर्याय मिळू शकतो.

गावात राहून स्वतःचा धंदा उभा करायचा असेल तर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ज्यांना सगळे आरसेटी म्हणतात, त्यांना या आढाव्यात सर्वांत वरचं स्थान द्यावंसं वाटतं. प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवण मोफत. शेळीपालनासारखे कोर्स दहा दिवसांचे, शिवणकाम किंवा दुचाकी दुरुस्ती महिन्याभराची. शिकून झाल्यावर दोन वर्षं पाठपुरावा आणि कर्जासाठी बँकेशी गाठ घालून देणं हे त्यांच्या कामाचा भाग आहे, आणि इतर प्रशिक्षणांत हे सहसा मिळत नाही. फक्त निवासी असल्याने लहान मुलं असलेल्या बायकांना जमवणं कठीण जातं. घराजवळ सकाळ-संध्याकाळची तुकडी आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

तरुणांसाठी २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी. बारावी पासना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० विद्यावेतन थेट खात्यात येतं. सहा महिन्यांचा काळ पुढे अकरा महिन्यांचा झाला. पैसे हजेरीवर ठरतात, म्हणून रोजची ऑनलाइन हजेरी लागली की नाही हे त्याच दिवशी पाहावं. सरकारी कार्यालयात जागा मिळाली म्हणून पुढे कायम होण्याची आशा धरणाऱ्यांची निराशा झाली. योजनेत तसं आश्वासन नव्हतंच. शक्य असेल तिथे खासगी उद्योग निवडावा, कारण तिथे काम शिकलेल्याला पगारावर घेण्याचा अधिकार समोरच्या माणसाकडे असतो, तहसील कार्यालयात तो कुणाकडेच नसतो.

शिकाऊ उमेदवारी हा जास्त भक्कम मार्ग. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. आयटीआय आणि कौशल्य कोर्स केलेल्यांनी एनएपीएसच्या (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेच्या) पोर्टलवर, तर पदवी-पदविकाधारकांनी एनएटीएसच्या (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेच्या) पोर्टलवर नोंदणी करावी. चुकीच्या ठिकाणी नोंदणी करून वाट पाहत बसलेले बरेच जण आढळतात.

पण इथे एक हिशेब डोक्यात असू द्या. मुख्यमंत्री योजनेतल्या प्रशिक्षणार्थ्यांना आणि शिकाऊ उमेदवारी कायद्याखालच्या उमेदवारांना ईएसआय आणि पीएफ लागू नसतो. म्हणजे ते महिने तुमच्या ७८ दिवसांत धरले जात नाहीत आणि दोन वर्षांच्या कमाईच्या बेरजेतही येत नाहीत. विशीतल्या मुलाला याने काही बिघडत नाही. पस्तिशीतला, घर चालवणारा कामगार मात्र वर्षभर विद्यावेतनावर बसला तर पुढची नोकरी गेल्यावर त्याच्याकडे बेकारीच्या मदतीचा हक्कच उरत नाही. अशा माणसाने कमी पगाराची पण ईएसआय-पीएफ कापणारी नोकरी धरून संध्याकाळी शिकावं, हा आमचा स्पष्ट सल्ला.

अडकलेलं काम सोडवताना

शाखेत नुसतं तोंडी विचारून येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. दावा नाकारला तर कोणत्या अटीवर नाकारला ते लेखी मागा. 'सिस्टीममध्ये दिसत नाही' हे कारण नव्हे. त्यानंतर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स तक्रार पोर्टलवर विमा क्रमांक, दाव्याची तारीख आणि तो शिक्का मारलेला कागद जोडून तक्रार करता येते. पीएफसाठी वेगळं तक्रार पोर्टल आहे. शिवाय 'निधी आपके निकट' हा उपक्रम दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत होतो. मालक तारीख टाकत नसेल, नाव दुरुस्त होत नसेल तर कागद घेऊन तिथे जाणं सर्वांत सोपं, कारण निर्णय घेऊ शकणारा अधिकारी समोर बसलेला असतो.

नवं काम मिळालं की पहिल्या दिवशी जुना विमा क्रमांक आणि जुना यूएएन पगार विभागाला लेखी द्या. हे दोन्ही क्रमांक आयुष्यभर तेच राहतात. घाईत नवा विमा क्रमांक काढला गेला तर तुमचा भरणा दोन ठिकाणी विभागला जातो, जुने दिवस नव्यात दिसत नाहीत आणि उपचारांपासून बेकारीच्या भत्त्यापर्यंत सगळं अडतं. पहिली पगारपावती हातात आली की त्यावरचा क्रमांक जुन्या कार्डाशी ताडून पाहा. वेगळा असेल तर त्याच महिन्यात शाखेत अर्ज देऊन दोन्ही क्रमांक एकत्र करून घ्या.